पिन कोड ४१०५०५ : वॉरंटी आहे, सर्व्हिस नाही

राजगुरुनगरकरांनो, आजची पोस्ट प्रिंटरवर आहे. हसू नका. परवा चहाच्या टपरीवर एकाने ऐकवलंच, "भाऊ, चाकणच्या ट्रॅफिकवर लिहा, पाण्यावर लिहा, प्रिंटरवर काय लिहिताय?" त्याला म्हटलं, लिहितो, आणि त्यात चाकणचं ट्रॅफिकही येणार आहे. शेवटपर्यंत वाच.

आपलं गाव तालुक्याचं. तहसील इथे, प्रांत कचेरी इथे, कोर्ट इथे. वाड्यापासून पाईटपर्यंतची माणसं कागदपत्रांसाठी इथेच येतात. आणि कुठलाही अर्ज म्हटला की पहिला प्रश्न, "फोटो आणलेत का?" शाळेचा प्रवेश, दाखले, बँकेचं खातं, कंत्राटदाराचा गेटपास. मोबाईलमध्ये कितीही फोटो असू द्या, कागदावर चिकटवायला छापीलच लागतो. या कामावर तालुक्यात बरेच छोटे स्टुडिओ चालतात. माझाही त्यातलाच एक. एक गाळा, एक कॅमेरा, एक कॉम्प्युटर, एक लॅमिनेशन मशीन आणि मदतीला एक पोरगा.

यंदा अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर नवा प्रिंटर घेतला. सहा रंगांचा, शाईच्या टाक्यांचा, मोठ्या साईजचा. अठ्ठावन्न हजार पाचशे. निम्मे रोख आणि निम्मे पतसंस्थेकडून. कंपनीचं नाव लिहीत नाही, दुकानाचंही नाही. कमेंटमध्ये कृपया विचारू नका आणि अंदाजही लावू नका. कारण व्यवसायातल्या चार-पाच जणांशी बोललो, तेव्हा कळलं की नावं वेगवेगळी आहेत आणि गोष्ट एकच आहे.

पहिले पाच दिवस मशीन सोन्यासारखं चाललं. सहाव्या दिवशी संध्याकाळी एक पोरगा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चाकणला एका कंपनीच्या गेटवर हजर व्हायचं होतं. आठ फोटो आणि आधारची झेरॉक्स घेऊन. फोटो काढला, प्रिंट दिली, तर तोंडावर आडव्या पांढऱ्या बारीक रेघा. कपाळापासून हनुवटीपर्यंत. नोझल चेक काढला तर फिक्या गुलाबी रंगाच्या अर्ध्या रेघा गायब. हेड क्लीनिंग केलं, फरक नाही. दुसऱ्यांदा केलं, थोडा फरक. तिसऱ्यांदा केलं, परत पहिल्यासारखं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, प्रत्येक क्लीनिंगला मशीन शाई ओढतं आणि आतल्या वेस्टच्या डब्यात सोडतं. म्हणजे बिघाड शोधायचा खर्चही आपल्याच शाईतून. शेवटी त्या पोराला दुसऱ्या स्टुडिओत पाठवलं. नवीन मशीन समोर असताना गिऱ्हाईक शेजारी पाठवावं लागलं, ते फार लागलं मनाला.

आता सपोर्टची गोष्ट

टोल फ्री नंबर लावला. पहिल्या दिवशी पाऊण तास गाणं ऐकलं. माणूस आला, हिंदीत बोलला, चांगला बोलला. मॉडेल, सिरीयल नंबर, बिलाची तारीख सगळं घेतलं. मग म्हणाला, पिन कोड सांगा. मी सांगितला, ४१०५०५. दोन मिनिटं शांतता. "सर, आपका पिन कोड ऑनसाइट में नहीं आता. प्रिंटर सर्व्हिस सेंटरला आणून द्यावा लागेल."

बॉक्सवर ठळक अक्षरात वॉरंटी लिहिलेली होती. ती कुठल्या पिन कोडला घरपोच आणि कुठल्याला नाही, हे बॉक्सवर नव्हतं, कोटेशनवर नव्हतं, दुकानदारानेही सांगितलं नव्हतं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "दादा, आमचं काम विकायचं, सर्व्हिस कंपनी बघते."

सर्व्हिस सेंटर पिंपरी-चिंचवडमध्ये. मध्ये चाकण. आता गंमत बघा. याच प्रिंटरच्या पुस्तकात छापलंय की टाक्या भरलेल्या असताना मशीन तिरपं करू नका, हादरे देऊ नका, शाई सांडेल. आणि तीच कंपनी सांगते की भरलेल्या टाक्यांचं हे मशीन तळेगाव चौकातून, आंबेठाण चौकातून, खड्ड्याखड्ड्यातून घेऊन या. मित्राची गाडी मागितली, मागच्या सीटवर गोधडी अंथरली, प्रिंटर पट्ट्याने बांधला आणि पोराला धरून बसवला. जायला अडीच तास लागले. (ट्रॅफिक आलं बघ पोस्टमध्ये.)

सेंटरवर पहिला प्रश्न, "शाई ओरिजिनल आहे का?" बाटल्या आणि बिल दोन्ही दाखवलं. दुसरा प्रश्न, "घरी यूपीएस आहे का?" आहे. मग जॉबशीट मिळालं. त्यानंतर अकरा दिवस रोज एकच शब्द. पार्ट पेंडिंग. कधी येणार, माहीत नाही. कुठून येणार, माहीत नाही. बदली मशीन द्याल का, पॉलिसीत नाही.

तक्रार केल्यापासून मशीन परत येईपर्यंत एकूण तेवीस दिवस गेले. ऐन लग्नसराईत. शाई, कागद, लाईट सगळं वजा करून दिवसाला सहाशे-सातशे सुटतात. म्हणजे चौदा ते सोळा हजार गेले. वर अल्बमच्या प्रिंट बाहेरून करून घेतल्या त्याचे पैसे वेगळे. पतसंस्थेचा हप्ता मात्र पार्ट पेंडिंग नव्हता, तो पाच तारखेला गेला.

माझी चूक किती, हेही सांगतो

एकतर्फी लिहिणार नाही. रेघांबरोबर माझी दुसरी एक तक्रार होती, चेहरे हिरवट येतात. सेंटरवरच्या पोराने पाच मिनिटांत दाखवून दिलं की ती चूक माझी होती. कागद मी ग्लॉसी घालत होतो आणि सेटिंगमध्ये साधा कागद निवडलेला होता. मशीन त्या हिशोबाने शाई सोडणार, रंग बिघडणारच. कागद बदलला की सेटिंग बदलायचं आणि त्या कागदाचं कलर प्रोफाइल लावायचं, हे जुन्या मशीनवर कधी फारसं केलं नव्हतं. आपल्यापैकी बरेच जण करत नाहीत.

तो पोरगा साधा होता, कामाचा होता. आयटीआय झालेला. त्याच्याकडे चार-पाच तालुक्यांचे कॉल होते. शिव्या त्याला देऊन उपयोग नाही. हेडचा पार्ट त्याच्या खिशात नसतो आणि पिन कोडची यादी त्याने बनवलेली नसते.

नवीन मशीनमध्ये सुरुवातीला बिघाड निघू शकतो, हेही मी मान्य करतो. हजारात काही नग खराब निघणारच. नळीत हवा राहते, हेडचं एखादं तोंड चोंदतं, वाहतुकीत आपटतं. बिघाड निघाला याचा राग नाहीये. बिघाड निघाल्यावर तो पूर्णपणे माझ्या अंगावर टाकला गेला, राग त्याचा आहे.

आणि हे कुठे घडतंय बघा

आपण राहतो कुठे? चाकण पट्ट्याच्या उशाला. महिंद्राचा, फोक्सवॅगनचा, बजाजचा कारखाना इथे. घराघरातली पोरं क्वालिटीत, असेंब्लीत, मेंटेनन्समध्ये कामाला आहेत. त्यांना विचारा, गाडी कंपनीच्या लाइनवर व्हेंडरचा एक पार्ट खराब निघाला तर काय होतं. रात्री अकराला फोन येतो. सगळा स्टॉक आधी वेगळा काढायचा. माणूस पाठवून तिथेच छाटणी करायची. लाइन थांबता कामा नये, चांगला माल लगेच पोचला पाहिजे. मग एट-डी रिपोर्ट भरायचा. बिघाड काय, कारण काय, तात्पुरता उपाय काय, कायमचा काय, परत होऊ नये म्हणून काय केलं. पाच वेळा 'का' विचारून मुळाशी जायचं. भोसरीतला छोटा वर्कशॉपवालासुद्धा हे निमूटपणे करतो, कारण नाही केलं तर ऑर्डर जाते.

म्हणजे बिघाडाला लगेच उत्तर द्यायची पद्धत या पट्ट्यात नाही असं नाहीये. रोज पाळली जाते. फक्त ती मोठ्या गिऱ्हाईकासाठी आहे. माझी लाइन तेवीस दिवस थांबली, तेव्हा कोणी एट-डी भरला नाही. हेड का गेलं हे मला आजही लेखी मिळालेलं नाही. जॉबशीटवर तीन शब्द आहेत, "हेड रिप्लेस्ड, ओके."

कायदा काय म्हणतो

व्यवसायातले बरेच जण म्हणतात, "आपण धंद्यासाठी घेतलं, जीएसटी बिल फाडलं, म्हणजे आपण ग्राहक नाही, ग्राहक मंच आपल्याला नाही." सेंटरवरही मला आडून हेच सुचवलं गेलं. हे अर्धवट आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक धरत नाहीत, हे खरं. पण त्याच व्याख्येच्या खाली स्पष्टीकरण आहे. स्वतःच्या रोजगारातून, फक्त पोट भरण्यासाठी वापरायला घेतलेली वस्तू 'व्यापारी कामात' येत नाही.

हे स्पष्टीकरण जुन्या, १९८६ च्या कायद्यातही पुढे घातलं गेलं होतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आहे, लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सचा. तो आपल्या महाराष्ट्रातलाच लघुउद्योग. सीएनसी मशीन घेतलं, ते सदोष निघाल्याची तक्रार घेऊन राज्य आयोगाकडे गेले. तिथे जिंकले, राष्ट्रीय आयोगात हरले आणि सर्वोच्च न्यायालयातही हरले, कारण ते यंत्र आणि तो कारभार स्वयंरोजगारापेक्षा मोठा ठरला. पण न्यायालयाने त्यात नीट उदाहरणं देऊन सांगितलं. स्वतः चालवायला रिक्षा घेणारा ग्राहक आहे. स्वतः चालवून पोट भरायला लेथ मशीन घेणारा ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसं ठेवली म्हणून तो ग्राहकाचा व्यापारी होत नाही. ती कंपनी केस हरली, पण तिच्या केसने आपल्यासारख्या असंख्य लोकांसाठी दार उघडं ठेवलं.

आता सांगा, स्वतः फोटो काढून स्वतः प्रिंट देणारा, मदतीला एक पोरगा ठेवणारा स्टुडिओवाला कुठे बसतो? प्रत्येक केस आपल्या पुराव्यावर ठरते हे मान्य. दहा मशीनची मोठी लॅब असेल तर उत्तर वेगळं येईल. पण बिलावर जीएसटी नंबर आहे एवढ्यावरून आपणच आपल्याला बाद करायचं काही कारण नाही.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा :

१) तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो की बंगळुरात, आपल्याला पुण्याचा जिल्हा आयोग चालतो. ऑनलाइनही दाखल करता येते.

२) पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची.

३) आयोग दुरुस्ती, बदली, पैसे परत आणि नुकसानभरपाई, यातलं काहीही द्यायला सांगू शकतो. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हेही खोटं बोलत नाही.

४) बिलाखाली छापलेलं असतं ना, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही"? सदोष मालाला ते चालत नाही. बिलात मुदत दिली असेल त्या मुदतीत, नाहीतर तीस दिवसांत, सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा आहे. माझा बिघाड सहाव्या दिवसाचा होता. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी प्रिंटर पिंपरीला नेलाच नसता, दुकानाच्या काउंटरवर ठेवला असता.

हे सगळं आपल्याला फुकटात मिळालेलं नाही. १९८६ चा कायदा यायच्या बारा वर्षं आधी, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. ग्राहक चळवळीची एक मोठी पेठ आपल्या जिल्ह्याची आहे आणि आपण मात्र "जाऊ दे, कोण भांडत बसणार" म्हणतो.

माझं काम कशाने झालं

फोनने नाही झालं. रोज फोन केला की रोज नवीन माणूस आणि पहिल्यापासून गोष्ट. सोळाव्या दिवशी बसून एक ईमेल लिहिला. तारखा, तिकीट नंबर, जॉबशीटचा फोटो, नोझल चेकचे पाच कागद स्कॅन करून, बिल, आणि शेवटी एक ओळ, की सात दिवसांत दुरुस्त किंवा बदली मशीन मिळालं नाही तर जिल्हा आयोगाकडे जाईन. हाच ईमेल दुकानदारालाही पाठवला. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरला फोन करून तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं. तीन दिवसांनी कंपनीचा फोन आला. एवढे दिवस पेंडिंग असलेला पार्ट आठवड्याच्या आत सापडला. तेविसाव्या दिवशी मशीन गाळ्यात.

आनंद झाला, पण प्रश्न पडतोच. पार्ट होता तर मग आधी का नाही? आणि ज्याला ईमेल लिहिता येत नाही, स्कॅन करता येत नाही, त्या वाड्याच्या किंवा कडूसच्या स्टुडिओवाल्याने काय करायचं?

माझं म्हणणं

कंपन्यांनी आणि दुकानदारांनी चार गोष्टी कराव्यात. पैसे घेण्याआधी, कोटेशनवरच, आपल्या पिन कोडला घरपोच सर्व्हिस आहे की नाही हे लिहून द्यावं. पहिल्या तीस दिवसांत बिघाड निघाला तर मशीन त्यांनी न्यावं, त्यांनी आणावं, किंवा सरळ बदलून द्यावं. सात दिवसांच्या वर दुरुस्ती गेली तर तात्पुरतं मशीन द्यावं. आणि काय बिघडलं होतं ते लेखी द्यावं.

कोणी म्हणेल, एवढी सर्व्हिस दिली तर मशीन महाग होईल. होऊ दे दोन-तीन हजारांनी. तेवीस दिवस दुकान बंद ठेवण्यापेक्षा स्वस्त पडेल. शिवाय इंजिनिअर पुण्याहूनच कशाला पाहिजे? आयटीआय झालेली पोरं तालुक्यात कमी आहेत का? दोघांना शिकवा, पार्ट द्या, राजगुरुनगर, चाकण, मंचर सांभाळतील. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, पोर्टलही काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे चार विभाग घेतले. छोट्या धंद्याची मशीनं, म्हणजे प्रिंटर, झेरॉक्स, लॅमिनेशन, शिलाई, यांचा नाव घेऊन विचार व्हायला हवा. आमदार-खासदारांनी हे पत्र लिहून मांडावं. एवढं तर मागू शकतो.

आणि आपणही सुधारू. व्यवसायातल्या मित्रांसाठी :

– दोन हजार स्वस्त मिळतं म्हणून लांबून घेऊ नका. सर्व्हिस कोण देणार हे आधी विचारा.
– बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा. बॉक्स आणि थर्माकोल महिनाभर टाकू नका.
– पहिल्याच दिवशी नोझल चेक काढून तारीख घालून फाइलला लावा. पहिला आठवडा रोज काढा. बिघाड कधी सुरू झाला याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.
– वॉरंटीत असेपर्यंत शाई ओरिजिनलच, बिलासकट.
– वॉरंटी एक वर्ष की अमुक पानं, जे आधी होईल ते, ही ओळ वाचा. लग्नसराईत पानं लवकर संपतात.
– रेघा दिसल्या तर दोन-तीनदाच क्लीनिंग करा. पुन्हा पुन्हा करत बसलात तर शाई संपेल आणि वेस्टचा डबा भरेल.
– फोन करा, पण त्याच दिवशी लेखीही कळवा.

शेवटचं. तालुक्यातल्या फोटोग्राफर मित्रांनो, आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर सकाळी गुड मॉर्निंग पडतात. तिथे एक यादी करूया. मॉडेल, घेतल्याची तारीख, बिघाड, तक्रारीची तारीख, दुरुस्तीची तारीख. बस, एवढंच. वीस जणांची यादी झाली की ती घेऊन आपण विक्रेत्यांकडे जाऊ, कंपन्यांना पाठवू. एकट्याचा ईमेल तीन दिवसांत हलवतो, तर वीस जणांचा किती हलवेल याचा अंदाज करा. माझी नोंद मी आज रात्री टाकतोय.

तो आठ फोटोंवाला पोरगा मागच्या रविवारी परत आला होता. काम लागलंय म्हणाला, आता बँकेच्या खात्याला फोटो पाहिजेत. या वेळी आपल्या मशीनवर काढून दिले. प्रिंट उजेडात धरून आधी मीच नीट बघितली, मग त्याच्या हातात दिली.

ज्यांचं नवीन मशीन, मग ते प्रिंटर असो, पिठाची गिरणी असो की शिलाई मशीन, सर्व्हिसवाचून पडून आहे, त्यांनी खाली लिहा. कंपनीचं नाव नको. गाव, किती दिवस झाले आणि काय उत्तर मिळालं, एवढंच लिहा.